वाकड्या नाकाची कैफियत

उज्जैनच्या फ्रीगंजात टावर चौकाजवळ माझा दवाखाना आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून चौकातला घड्याळाचा मनोरा दिसतो. संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांभोवती चौकात गर्दी जमू लागली की माझ्या जिन्यावरही पावले वाजू लागतात. कारण पोटदुखीचा किंवा तापाचा रोगी जसा भर दुपारी, चार माणसांदेखत, आपल्या दुखण्याचा पुकारा करीत येतो तसा वाकड्या नाकाचा रोगी येत नाही. तो दिवेलागणीनंतर, तोंडावर रुमाल धरून, सर्दीची बतावणी करीत येतो आणि प्रतीक्षालयात कोणी ओळखीचा भेटलाच तर धाकट्या भावाचे औषध न्यावयास आलो आहे असे सांगून मोकळा होतो. त्याला मी प्रथम खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून उभा करतो आणि गवंडी भिंतीला ओळंबा लावतो त्याप्रमाणे भुवयांच्या मध्यापासून वरच्या दोन पटाशीच्या दातांमधल्या फटीवरून हनुवटीपर्यंत एक दोरा धरतो. नाक या रेषेला कोठे सोडते आणि पुन्हा कोठे येऊन मिळते, किंवा मिळतच नाही, हे त्या दोऱ्याने कळते. पुष्कळदा असेही कळते की नाक बिचारे सरळ आहे आणि चेहराच एका अंगास झुकलेला आहे. अशा माणसाचे नाक दोऱ्यात आणले तर ते त्याच्या चेहऱ्यावर वाकडे दिसेल, हे त्याला पटविण्यात माझी अर्धी संध्याकाळ जाते.

या रोग्यांच्या तक्रारींचे दोन दफ्तरांत वर्गीकरण करण्याची आमच्या धंद्यात जुनी रीत आहे. एक रूपाचे दफ्तर, दुसरे श्वासाचे. रूपाची फिर्याद घेऊन आलेला प्लास्टिक सर्जनकडे जातो, श्वासाची घेऊन आलेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे; आणि ज्याच्या नाकात दोन्ही फिर्यादी एकत्र नांदत आहेत त्याची गत, जमिनीची मोजणी एका कचेरीत आणि सातबारा दुसऱ्या कचेरीत असलेल्या कुळासारखी होते. मी या दोन दफ्तरांमधली भिंत मानीत नाही, आणि न मानण्याचे कारण मला विद्येपेक्षा एका चुकीने अधिक शिकविले. तो प्रसंग पुढे येईलच.

श्वासाच्या फिर्यादीचा मसुदा ठरलेला असतो: ‘डॉक्टर, नाकाचे हाड वाढले आहे.’ हाड बहुतेकदा वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांच्या मध्ये जो पडदा आहे, त्याचा पुढचा भाग कूर्चेचा आणि मागचा अस्थींचा; तो पडदा जन्मावेळच्या दाबाने, बालपणी आपटल्याने किंवा वाढीच्या ओघातच एका बाजूस कलतो. अगदी सरळ पडदा असलेली माणसे थोडी, आणि वाकडा पडदा असूनही सुखाने श्वास घेणारी माणसे फार. पडद्याचे वाकणे किती, यापेक्षा ते कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नाकपुडीच्या दारापासून थोडे आत, पडदा आणि वरची बाजूची कूर्चा यांच्यामध्ये जेमतेम दहा ते पंधरा अंशांचा एक कोन असतो. श्वासमार्गातले सर्वांत अरुंद ठिकाण तेच. गोल नळीची त्रिज्या निम्मी केली तर तितक्याच दाबाने वाहणारा प्रवाह सोळावा हिस्सा उरतो, असे गणित सांगते. नाक काही गोल नळी नव्हे, तरी या कोनात मिलिमीटरभराचे वाकणे माणसाला रात्रभर तोंड उघडे ठेवून झोपावयास का लावते, हे त्यावरून समजावे. मागे, घशाजवळ, पडदा याच्या दुप्पट वाकला तरी माणसाला पत्ता लागत नाही. नाक दाबले की तोंड उघडते ही आपली म्हण ज्याने केली त्याच्या मनात व्यवहारच असावा. पण शरीरशास्त्रातही ती अक्षरशः खरी आहे.

येथे एक खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांतले कित्येक निरोगी असतात. नाकाच्या आतले मांसल पडदे दर काही तासांनी आळीपाळीने फुगतात आणि ओसरतात. जर्मन वैद्य कायझर यांनी 1895 साली हे वर्तन शास्त्रात नोंदविले, पण डाव्या नाकपुडीची चंद्रनाडी आणि उजवीची सूर्यनाडी यांची पाळी पाहून प्रस्थान ठेवणाऱ्या आपल्या स्वरोदयवाल्यांना ते त्यापूर्वीच ठाऊक होते. त्या पाळीवरून लढाईचा निकाल सांगण्याचे त्यांचे धाडस सोडून द्यावे. त्यांचे निरीक्षण मात्र चोख होते.

नाक दुरुस्त करण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगविण्याचा आणि पुढचे वाचण्याचा कंटाळा करण्याचा प्रघात आहे. मी सुश्रुताकडे दुसऱ्याच कारणासाठी जातो. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात तो तुटलेल्या नाकाच्या मापाचे पान घ्यावयास सांगतो, त्या मापाने गालाची त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून सोडवावयास, नाकाच्या खरडलेल्या कडांवर बसवावयास आणि पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण भुरभुरावयास सांगतो. आणि या सगळ्यात, नव्या नाकात दोन नळ्या घालावयास विसरत नाही. त्या नळ्यांनी नाक उचललेलेही राहते आणि श्वासाची वाटही. रूप आणि श्वास यांचा हिशेब एकाच खात्यात मांडणारा हा पहिला शल्यवैद्य.

असा दुसरा माणूस, एक कारागीर, आमच्या पुण्याजवळचा आहे आणि त्याचे नाव इतिहासाला माहीत नाही. 1792 साली इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक मराठा कुणबी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे पडले आहे; कुणब्याचे असले पारशी थाटाचे नाव कसे, याचे उत्तर मी तरी लेखनिकाच्या कानाला जबाबदार धरूनच देतो. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला, आणि मग विटा भाजणाऱ्यांच्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिल्याचा दाखला आहे, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात तिची हकिकत चित्रासह छापली गेली. हिशेबाने ही गोष्ट 1793 च्या आसपासची ठरते. ज्यांच्या घराण्याने उज्जैनला आपली राजधानी केली ते महादजी शिंदे त्या काळात पुण्यातच तळ देऊन होते. शिंद्यांच्याच चाकरीत माळव्यात आलेल्या घराण्यातला मी, हा योगायोग मनातल्या मनात गोंजारीत आलो आहे.

त्या कारागिराची पद्धत पाहावी. नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा, भोवती रेघ ओढावयाची आणि तेवढी त्वचा, दोन डोळ्यांमध्ये एक लहानशी पट्टी जोडलेली राखून, सोडवून खाली उलटवावयाची. रक्तपुरवठा त्या पट्टीतून चालू राहतो. मग कात पाण्यात कालवून, तो माखलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक बसवावयाच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापून टाकावयाची. आणि दहाव्या दिवशी? दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या गुंडाळ्या, भोके मिटू नयेत म्हणून. ज्या हातांचा रोजचा धंदा माती साच्यात घालण्याचा, त्या हातांना हे कळले होते, की नुसत्या कातडीचे नाक आतून आकसते आणि आकसलेले नाक दिसावयासही फार दिवस नाक राहत नाही. ती हकिकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी वीस वर्षे प्रेतांवर हात बसविला, 1814 साली जिवंत माणसावर प्रयोग केला आणि 1816 साली त्यावर पुस्तक लिहिले. युरोपात ही विद्या पुन्हा उभी राहिली ती या वाटेने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर किलियान आणि फ्रीअर यांनी अस्तर राखून मधला पडदा काढण्याची क्रिया रूढ केली, आणि तेव्हापासून रूप एका टेबलावर व श्वास दुसऱ्या टेबलावर अशी वाटणी झाली.

त्या वाटणीचा बळी माझ्या हातून पडला. उमेदवारीच्या दिवसांत एका इस्पितळात मी एका कॉलेजकुमाराच्या पडद्यावर शस्त्रक्रिया केली. वाकडे दिसेल तेवढे काढून टाकावे, म्हणजे वारा मोकळा, असे माझे सरळ गणित होते. वारा मोकळा झाला. पोराने पेढे आणले. वर्षाने तो परत आला तेव्हा नाकाचा कणा मध्येच दबून खोगिरासारखा झाला होता आणि त्या दाबाने श्वासाची वाटही पुन्हा बंद झाली होती. पडदा ही दोन खोल्यांमधली ताटी नसून छपराखालचा खांब आहे, हे पाठ करून मी परीक्षेत गुण मिळविले होते. कळले त्या दिवशी. बरगडीची कूर्चा घेऊन ते नाक माझ्या वरिष्ठांनी उभे केले, मी बाजूला उभा राहून चिमटे देत होतो.

आज मी जे करतो त्याचा तपशील थोडक्यात सांगतो. पडद्याचा वरचा आणि पुढचा, निदान सेंटिमीटरभर रुंदीचा काटकोनी पट्टा शाबूत ठेवावयाचा, आणि वाकडा असेल तर काढण्याऐवजी सरळ करावयाचा. कूर्चेला आठवण असते. वाकवलेली वेताची छडी जशी पूर्ववत होऊ पाहते तशी तीही, म्हणून तिला टाके घालून आणि आधारपट्ट्या लावून नवी सवय लावावी लागते. वरचा तिसरा हिस्सा हाडांचा; तो कललेला असेल तर दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या छिन्नीने बाजूने छेद देऊन जागेवर आणावयाचा. मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, पडदा आणि बाजूच्या कूर्चा यांच्या सांध्यात, पडद्यातूनच निघालेल्या तुकड्याच्या दोन पट्ट्या पाचरीप्रमाणे बसवावयाच्या. अमेरिकेतील जॅक शीन यांनी 1984 साली मांडलेली ही युक्ती कणा सरळ करते आणि तो दहा-पंधरा अंशांचा कोनही उघडा ठेवते. सुश्रुताच्या नळ्यांचे हे नवे रूप असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते हसतात, हसोत. आठवडाभर बाहेरून साचा असतो. सूज मात्र पुरती ओसरावयास वर्ष लागते, आणि त्या वर्षात आरशाशी रोज मुकदमा लढणारा रोगी स्वतःचे आणि माझेही डोके फिरवतो.

सगळ्यांनाच मी हात लावत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना, नाकाची वाढ पुरी होईपर्यंत, शक्यतो थांबवतो. नटाचे छायाचित्र घेऊन येणाऱ्याला चहा पाजतो आणि वाटेला लावतो. पाहुणे पाहून जाण्यापूर्वी मुलीचे नाक ‘ठीक’ करून हवे असलेल्या आईबापांना मुलीला एकटीला आत पाठवावयास सांगतो. आत आल्यावर तिला नाकाची तक्रारच नसते असे अनेकदा घडले आहे, आणि तेव्हा बाहेर येऊन दोष माझ्याकडे घेत ‘हे नाक शस्त्रक्रियेस योग्य नाही’ असे मी सांगितले आहे. याला कोणी खोटे म्हणावे. मी म्हणत नाही.

आता वाचकाला एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत फ्रीगंजच्या गल्ल्यांत मुले चेंडूफळी खेळतात, सायकलीवरून पडतात. एखाद्याच्या नाकावर चेंडू बसतो, रक्त येऊन थांबते, आई बर्फ लावते आणि सगळे विसरतात. त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मुलाच्या दोन्ही नाकपुड्या एकदम चोंदल्या, तर ती सर्दी समजू नका. पडद्याच्या अस्तराखाली रक्त साकळले असेल तर कूर्चेचे पोषण तुटते, आणि तीन-चार दिवसांत ती मरू लागते. पुढे नाक खोगिरासारखे दबते ते याच रीतीने. एक लहानसा छेद देऊन ते रक्त काढणे काही मिनिटांचे काम आहे. तिरपे झालेले हाडही आठवडा-दहा दिवसांत, मुलांत त्याहून लवकर, हाताने जागेवर बसवता येते. त्यानंतर ते जुळते आणि छिन्नी लागते. म्हणून सूज उतरल्यावर पाहू म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा.