मागून घेतलेली माळ

आमचे बाबा माळकरी. शेलूबाजारच्या घरात दिवेलागणीला ते हरिपाठ म्हणत. मी जवळ बसलो तर टाळ माझ्या हाती देत. उठून खेळायला गेलो तर हाक मारत नसत. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की माझ्या वयाच्या पोरांना त्यांचे वडील माळ घालायला नेत. मला मात्र बाबांनी कधी नेलं नाही. त्याचं मला वाईट वाटे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मायबापानं घातलेली माळ पोराले ओझं वाटते. ज्याची त्यानं मांगून घ्या लागते." त्या वयात मला यातलं काही उमगलं नाही.

पुढे पुण्यात शिकताना एकादशी सुटली, मांसाहार सुरू झाला. सुट्टीत घरी आलो तरी हरिपाठाला बसेना. एका रात्री बाबांना सांगून टाकलं, की माझा देवावर विश्वास उरला नाही. ते रागावतील म्हणून मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांनी मला फक्त नारायण महाराजांची गोष्ट सांगितली. १६५० मध्ये तुकोबा गेले, तेव्हा हा धाकटा मुलगा आईच्या पोटात होता. त्यानंच १६८५ मध्ये वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीचा सोहळा सुरू केला. "तुकोबानं त्याले काई शिकवलं नव्हतं," एवढं बोलून बाबा झोपायला गेले.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पायी जाताना आमच्या जिल्ह्यातून मालेगाव, शिरपूर, रिसोड असं करत संत नामदेवांच्या नरसीला जाते. बाबा पुढे थकले, तेव्हा दर्शनासाठी मी त्यांना मोटारसायकलवर नरसीपर्यंत नेलं. गेलो तो केवळ त्यांच्यासाठी. तिथे गोणाईची कथा ऐकली. नामदेवांनी संसार पाहावा म्हणून ही आई विठ्ठलाशी भांडली, पोरगा परत मागितला. पुढे तिचे चारही नातू, नारा, विठा, गोंदा आणि महादा, अभंग रचू लागले. ऐकताना शेजारी बसलेल्या बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मनातही गोणाईइतकीच ओढ असणार. फक्त त्यांनी ती माझ्यावर लादली नव्हती.

एका दिवसात काही बदललं नाही. आधी हरिपाठाला बसू लागलो, मग एकादशी धरली. काही वर्षांनी पंढरपुरात मी स्वतः माळ मागितली. बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. घरी आल्यावर आई म्हणाली, "दरसाल इठ्ठलाजोळ ते तुह्यासाठी एवढंच मांगत होते." इतकी वर्षं जे देवाजवळ मागितलं, ते माझ्याजवळ त्यांनी एकदाही मागितलं नव्हतं.

आता बाबा नाहीत. माझी मुलगी नागपुरात शिकते, समृद्धी महामार्गानं काही तासांत घरी येते. ती हरिपाठाला बसत नाही. तिला दोन शब्द सांगावेत, असं पुष्कळदा ओठांवर येतं. तेव्हा कळतं, बाबांना गप्प राहणं किती जड गेलं असेल. नाही म्हणायची मोकळीक त्यांनी दिली, म्हणून माझा होकार खरा ठरला. तीच मोकळीक लेकीला देणं, हीच त्यांच्या ऋणाची फेड. आषाढीला विठ्ठलापुढे तिच्यासाठी मागतो. तिच्याजवळ काही मागत नाही.