तात्या विंचू : पहिला आणि दुसरा

मुलांनो, एखादा चित्रपट गाजला की काही वर्षांनी त्याचा दुसरा भाग निघतो. तो पाहून आलेल्या माणसाला आपण लगेच विचारतो, "पहिल्यासारखा आहे का?" हा प्रश्न कोणी मला विचारला की मला 'झपाटलेला' आठवतो. भुताने ज्याला धरले आहे, तो झपाटलेला. तुमच्या उर्दूत त्याला आसेबजदा म्हणतात.

महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ साली आला. तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्र म्हणतो आणि त्याचा जीव एका बाहुल्यात शिरतो. पुढे तो बाहुला लक्ष्याच्या घरी येतो. लक्ष्या हा बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला भोळा तरुण. तात्याला पुन्हा माणूस व्हायचे आहे आणि त्यासाठी त्याला लक्ष्याचे शरीर हवे आहे. अशीच कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ च्या अमेरिकन चित्रपटात होती. पण आपला तात्या इतका अस्सल मराठी आहे की ते कोणाला आठवतही नाही. तुम्ही झोंबीचे चित्रपट पाहिले असतील. झोंबी म्हणजे जीव गेला तरी चालणारे शरीर. तात्याचे त्याच्या उलट आहे. त्याचा जीव शिल्लक आहे, शरीर मात्र गेले आहे!

मी हा चित्रपट पाथर्डी तालुक्यातल्या एका जत्रेत, तंबूत बसून पाहिला. आमच्या घरी उर्दू बोलली जाई. मराठी माझ्यासाठी शाळेतला एक विषय होता. तिच्यात गुण मिळवायचे, एवढेच मला ठाऊक होते. त्या रात्री लक्ष्या भीतीने अडखळत बोलू लागला आणि सारा तंबू हसला. मीही हसलो. विशेष म्हणजे, मला कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. शेजारी बसलेले अब्बा मात्र माझ्याकडे वळून विचारत होते, "काय म्हणाला तो?"

लक्ष्मीकांत बेर्डे लोकांना हसवत, हे तर सगळेच जाणतात. पण या चित्रपटात त्यांनी भीतीसुद्धा खरी वाटेल अशी दाखवली आहे. बाहुला स्वतः बोलतो, असे लक्ष्या सर्वांना सांगतो. कोणाचाच विश्वास बसत नाही. खरे सांगूनही आपल्याला वेड्यात काढावे, यासारखी भीती दुसरी नाही. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल, तर तुम्हाला हे चटकन कळेल. शिवाय तो बाहुला! तो रामदास पाध्ये यांनी बनवला. अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचे खेळ करणारे प्रसिद्ध कलाकार ते हेच. तात्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. हातांनी हलवलेला चेहरा आणि तो खरखरीत आवाज, एवढ्यावर तंबूतली मोठी माणसेही दचकत होती.

दुसरा भाग २० वर्षांनी, जून २०१३ मध्ये आला. मराठीतला हा पहिला थ्रीडी चित्रपट. भाचा हट्टच धरून बसला, म्हणून आम्ही नगरहून एस.टी.ने पुण्याला गेलो. तोपर्यंत बेर्डे हयात नव्हते. १६ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले होते. गोष्टीत आता लक्ष्याचा मुलगा आदित्य आहे. ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली आहे. प्रभावळकरांचा आवाज तोच. काळा चष्मा लावताच वस्तू पडद्याबाहेर येऊन नाकाशी थांबत. पोरे हात पुढे करून त्या पकडू पाहत.

मग भीती का वाटली नाही? माझ्या मते याचे कारण असे, की १९९३ साली तात्या कोण हे प्रेक्षकांना माहीत नव्हते. २०१३ साली तो सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. तो पडद्यावर येताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून ज्याचे स्वागत केले, त्याला घाबरायचे कसे? आणि विश्वास न ठेवणाऱ्या जगात एकटा पडलेला लक्ष्या इथे नाही. मी मात्र चष्म्याआडून त्यालाच शोधत राहिलो.

दुसरा भाग नेहमीच फिका पडतो, असे मात्र समजू नका. अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा झोंबीपट काढला. त्यात माणसे एका एकाकी घरात अडकतात. १९७८ च्या दुसऱ्या भागात, 'डॉन ऑफ द डेड'मध्ये, त्यांनी घर सोडून मोठे बाजार-संकुल घेतले. तिथे मेलेली माणसेही सवयीने दुकानांतून फिरतात. भीती तीच होती, पण तिला नवी जागा आणि नवा अर्थ मिळाला. 'झपाटलेला २'ने नवे तंत्र आणले. नवी भीती आणायला मात्र तो विसरला.

परतताना मी हे सारे भाच्याला सांगितले. त्याला ते मुळीच पटले नाही. "मामू, तुमचा तात्या पडद्याच्या आतच राहिला. माझा बाहेर आला!" तो म्हणाला. शिरूर येईपर्यंत आम्ही भांडत होतो, तेही मराठीत. कारण पुढच्या बाकावरचे एक आजोबाही आमच्या वादात उतरले होते आणि ते लक्ष्याच्या बाजूचे होते.