परक्या शहरातले घर

मुलांना घेऊन परदेशी जायचे ठरले की आपण निवास निवडतो तो बहुधा छायाचित्रे पाहून. आमच्या धाकट्याला अडीचाव्या वर्षी तापात आकडी येऊन गेली होती. त्यामुळे सिंगापूरचा बेत ठरला तेव्हा मी आधी रुग्णालय शोधले आणि मग त्याच्या आसपास घर.

तेथील स्त्रिया व बालकांचे केके रुग्णालय बुकिट तिमाह मार्गावर आहे. लिटल इंडिया ही वस्ती तेथून पायी अंतरावर. डाळ, तांदूळ, कढीपत्ता सारे तेथे मिळते. त्याच भागात स्वयंपाकघर असलेले सर्व्हिस अपार्टमेंट आम्ही पाहिले. कोणाचे खासगी घर स्वस्तात दिसले, तरी आपण मोहात पडू नये. तीन महिन्यांहून कमी मुदतीसाठी ते भाड्याने देणे सिंगापुरात बेकायदा आहे.

परभणीच्या मुलांना भाकरीवाचून करमत नाही असे सासूबाई म्हणतात. खरे तर करमत नाही ते आपल्याला! मुलांना हवा असतो वेळेवरचा मऊ वरणभात. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तेथे रात्रीचे साडेदहा होतात तेव्हा मुलाच्या पोटात आठच वाजलेले असतात. हॉटेलचे उपाहारगृह त्याच्यासाठी थांबत नाही. निजायची खोली वेगळी असावी तीही याचसाठी. जागरण आणि उपास ताप नसतानाही मुलाला आजारी करतात.

घरमालकाला मी एवढेच लिहिले: खिडकीतून काय दिसते ते नको, खिडकी कशी आहे ते दाखवा. कठड्याच्या गजांत चार इंचांहून अधिक फट नको, खाली चढायला खुर्ची नको.

तापातील आकडी बहुधा सहा महिने ते पाच वर्षे या वयात येते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. पाच मिनिटांत ती थांबली नाही, तर रुग्णवाहिका बोलवावी. सिंगापुरात तिचा क्रमांक ९९५. डॉक्टरांनी नाकात फवारण्याचे औषध दिले असेल, तर ते नेण्यास त्या देशाची परवानगी लागते का, हे आधी विचारावे.

प्रवासविम्याच्या अर्जात ‘पूर्वीचा आजार’ हा रकाना एजंटाने कोरा ठेवला होता. तो मी भरायला लावला. हप्ता वाढला, पण देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघालो तेव्हा विम्याचा कागद पर्समध्ये होता, बाळाच्या थर्मामीटरशेजारी.