उतारासाठी साखळी

मनालीहून अटल बोगद्याकडे निघालं की हिवाळ्यात सोलंगच्या आसपास पोलीस गाड्या अडवतात. गाडी फोर बाय फोर आहे का, आणि नसेल तर चाकांना साखळ्या आहेत का, एवढंच विचारतात. फोर बाय फोर असेल तर बहुतेक वेळा पुढे सोडतात. गर्दीच्या रस्त्यावर काहीतरी सोपा नियम हवाच, त्यामुळे पोलिसांबद्दल तक्रार नाही. पण माझ्याबरोबर पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांच्या मनात यातूनच एक समज घट्ट बसतो, की फोर बाय फोरला साखळीची गरज नाही. हा समज काढण्यात माझी पहिली संध्याकाळ जाते.

इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडी चढते. ब्रेक मात्र सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात, जुन्या मारुती आठशेच्यासुद्धा. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला काडीचाही जादा आधार नाही. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो, दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि रस्त्यावर गोठून काच झालेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. या ०.१ चा घाटातला अर्थ असा, की उतार दहास एक असेल तर चारही चाकं जाम करूनही गाडीचा वेग कमी होत नाही. एरवी डोंगरातला रस्ता इतका तीव्र नसतो, पण अरुंद वळणाच्या आतल्या कडेला उतार सहज तिथवर जातो. म्हणून मी साखळी उतारासाठी निवडतो आणि उतारासाठीच चढवतो. चढावर अडकलेली गाडी जागच्या जागी असते. तिला वेळ देता येतो.

सह्याद्रीच्या चिखलात गाडी शिकलेल्यांचं इथे थोडं अवघड होतं. चिखलात चाक जोरात फिरवलं की खाचांतला गाळ उडतो आणि पकड परत मिळते. बर्फात तेच केलं तर चाकाखालचा बर्फ वितळतो, घोटला जातो आणि आणखी गुळगुळीत होतो. पायाची ही सवय मोडायला साखळी चढवायला शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

साखळी घेताना आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचायचा. गाडीचं नाव सांगून साखळी मागू नये. तीन दरवाजांच्या थारचंच घ्या. एका प्रकारात २४५/७५ आर १६ टायर येतो, दुसऱ्यात २५५/६५ आर १८. त्यात हौसेने मोठे टायर बसवलेले असतील तर दुकानदाराची यादी उपयोगाची नाही. मग चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघायचं. टायर आणि शॉकअॅब्सॉर्बर, टायर आणि ब्रेकची नळी, यांच्यामध्ये किती जागा आहे? स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पुन्हा बघायचं. साखळीची जाडी त्या जागेत मावून वर मोकळीक उरली पाहिजे.

मग नक्षीचा प्रश्न. स्वस्त साखळी शिडीसारखी असते, टायरवर आडव्या पायऱ्या. सरळ चढायला ती पुरते. पण दोन पायऱ्यांच्या मधला टायर उघडा राहतो, आणि गाडी आडवी सरकू लागली की त्या आडव्या कड्या घसरणीच्याच दिशेला येतात, मग अडवणार कोण? शंकरपाळी नक्षीच्या साखळीचा काही ना काही भाग सतत जमिनीला टेकलेला असतो आणि कड्या तिरप्या असल्याने ती आडवी घसरणही रोखते. महाग असली तरी मी हीच घ्यायला सांगतो. केबल-टायसारखे प्लास्टिकचे पट्टे मी ताफ्यात चालवून घेत नाही. ताज्या बर्फातून गाडी बाहेर काढायला ते ठीक आहेत, काचेच्या उतारावर मला त्यांचा भरवसा नाही.

एकच जोडी असेल तर पुढे की मागे, यावर कंपन्यांच्या पुस्तिकांचं एकमत नाही. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल ते पाळावं, कारण काही गाड्यांत एका बाजूच्या चाकाला साखळीइतकी जागाच नसते. पण परिणाम समजून घ्यावा. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर जातं. साखळी फक्त पुढे असेल तर पुढचं धरतं आणि हलकं झालेलं मागचं वळणात बाहेर फिरतं. फक्त मागे असेल तर गाडी सरळ राहते, पण स्टिअरिंगचं ऐकत नाही आणि वळण सोडून पुढे जाते. दोन्हींत दरी त्याच बाजूला आहे. म्हणून माझ्या ताफ्यात दोन जोड्या, चारही चाकांना. आणि उतारावर फोर-लो, पहिला किंवा दुसरा गिअर, म्हणजे इंजिनाचा रोध चारही चाकांवर सारखा पडतो. फोर बाय फोरचा खरा मोठेपणा मला इथेच दिसतो, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

साखळी चढवायची ती अडकण्याआधी, सपाट जागेवर, चाकं सरळ ठेवून. उणे तापमानात उघड्या बोटांना लोखंड चिकटतं, म्हणून सराव घरच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालूनच करून या असं मी आधीच कळवतो. साखळी जमिनीवर पसरून पीळ काढायचा. आतली वायर चाकामागून नेऊन वर जोडायची, मग बाहेरचा हूक, शेवटी ताण देणारी साखळी ओढून अडकवायची. हुकांची उघडी तोंडं टायरकडे येऊ द्यायची नाहीत, ती रबर कापतात. मग थोडं अंतर गाडी चालवून पुन्हा उतरायचं आणि पुन्हा आवळायचं. बैलगाडीच्या चाकाला लोहार तापवून धाव चढवतो, ती थंड होताना आपोआप आवळते. साखळीचं उलट आहे, ती चालली की जागेवर बसते आणि सैल पडते. दुसऱ्यांदा आवळण्याचा लोकांना कंटाळा येतो, आणि मी त्याबाबतीत कुणाचंही ऐकत नाही. सैल साखळी प्रत्येक फेऱ्याला मडगार्डवर आपटते, आणि मडगार्ड चुकलं तर ब्रेकच्या नळीवर. काच थोडी खाली ठेवून चालवावं. एकसारखी खरखर येत असेल तर ठीक. त्यात ठरावीक अंतराने एक ठोका येऊ लागला की लगेच थांबायचं.

पायाखालचा बर्फ दिवसभर बदलत असतो. कडाक्याच्या थंडीतला, पहाटेचा बर्फ त्यातल्या त्यात बरी पकड देतो. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तो सगळ्यांत निसरडा होतो. दुपारी रस्त्यावर ओघळलेलं पाणी ऊन डोंगराआड गेलं की गोठू लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी बोगद्यापलीकडच्या सिस्सूला फिरायला गेलेल्या गाड्या मनालीकडे परततात. मी दुपारी लवकर परत फिरवतो. त्यावर कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

बोगद्यात एक वेगळाच पेच असतो. तो ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि आत बर्फ नाही. कोरड्या रस्त्यावर एवढं अंतर साखळी चालवली तर कड्या झिजतात आणि रस्ताही खरवडला जातो. शिवाय थार किंवा जिम्नीत फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी बांधले जातात. बर्फावर चाक थोडं घसरून तो ताण सोडतं, कोरड्या रस्त्यावर तो ताण यंत्रणेतच साठतो. म्हणून दक्षिण मुखाशी रस्ता मोकळा असेल तर मी साखळ्या काढायला लावतो, टू-व्हील टाकायला सांगतो आणि उत्तर मुखाबाहेर लाहौलमध्ये गरज असेल तर पुन्हा चढवतो. चार चाकं, दोन वेळा, बोचऱ्या वाऱ्यात. पाहुणे दमतात, पण दुसऱ्या दिवशी कुणाला मदतीला बोलवावं लागत नाही.

मुक्कामावर साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून टांगून ठेवतो. टांगल्या की झिजलेली कडी नजरेला पडते. नव्या कडीच्या निम्मीच जाडी उरली की ती साखळी मी उतारावर वापरत नाही. भंगारात द्यायच्या आधी तिच्यातले चांगले हूक आणि जोडकड्या तेवढ्या काढून डब्यात ठेवतो. वाटेत दुसऱ्याची कडी तुटली तर कामी येतात.