काचेतील देठ

एदुआर माने यांचे ‘काचपात्रातील कार्नेशन आणि क्लेमॅटिस’ हे १८८२ च्या सुमाराचे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. नागापूरच्या घरी, औद्योगिक वसाहतीच्या सान्निध्यात, त्याची छापील प्रत काही वर्षे माझ्या मेजासमोर आहे. छपाईतील रंगांवर भिस्त ठेवू नये; म्हणून येथे बोलायचे आहे ते मुख्यतः देठांविषयी.

मर्ढेकरी परिभाषेत या चित्राची उकल सहज होते. जांभळ्या-गुलाबी फुलांतील संवाद, मऊ पाकळ्या आणि कठीण काच यांतील विरोध, वरचा फुलांचा भार आणि खालचे चौकोनी पात्र यांतील समतोल: लयीची तीनही तत्त्वे हाती लागतात. एम. ए. च्या वर्गात ही उकल मी अनेकदा केली आहे. पण तिच्यात पाण्यातील देठ म्हणजे केवळ हिरव्या रेघा उरतात.

आपल्या सांस्कृतिक व्यवहारात फुलाला देठ जवळजवळ नसतोच. नगर तालुक्यातील शेवंती-झेंडू खुडला जातो, हारात ओवला जातो, देवाला वाहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य म्हणून उचलला जातो. फूल संपताना पाहण्याची वेळ आपण स्वतःवर येऊ देत नाही. काचपात्र ही सोय काढून घेते.

माने तेव्हा आजारी होते. स्नेह्यांनी आणलेली फुले ते लहान कॅनव्हासवर रंगवीत. एप्रिल १८८३ मध्ये त्यांचा डावा पाय कापावा लागला, आणि ३० तारखेला ते निवर्तले. देठ आणि पाय यांचे समीकरण मांडण्याचा मोह होतो. पण ते नंतरच्या घटनेने आधीचे चित्र वाचणे होय.

माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारात भेटीस येणाऱ्यांनी फुले आणली नाहीत. आमच्याकडे मोसंबी आणतात. त्या दिवसांतही चित्र समोर होते. लयतत्त्वांची उकल तेव्हाही बिनचूक होती, पण नजर देठांवरून हलत नसे. हा आस्वादातील भावुक व्यत्यय मानावा काय?

साहित्याचे माध्यम अर्थ आहे हे ‘सौंदर्य आणि साहित्य’कार मानतात, चित्रात मात्र रंगरेषांच्या संवेदनांपलीकडे जाण्यास ते नाखूष असतात. मग देठाचे कापलेपण ही संवेदना की अर्थ? डोळ्याला दिसते ती हिरवी रेघ. ती झाडापासून तोडलेली आहे, हे ज्ञान. ते वर्ज्य ठरवायचे, तर काचेचे काठिण्यही वर्ज्य ठरवावे लागेल. तेही डोळ्याला दिसत नाही. हाताला ते पूर्वीपासून ठाऊक असते, आणि विरोधलय त्याच्याच बळावर उभी असते.