साठीनंतर सोडलेली विडी

महसूल खात्यातील माझ्या उमेदवारीचा काळ ज्या सिन्नरच्या कचेरीत गेला, त्या गावी विडी ही शेकडो घरांची रोजीरोटी होती. ओसरीवर मांडीत सूप घेऊन बसलेल्या बायका पान कात्रीने बेताचे कापून, त्यात चिमूटभर तंबाखू पसरून, ते वळून दोऱ्याने बांधीत, तेव्हा त्यांच्या बोटांची गती पाहत राहावी असे वाटे. तिथेच मला विडीची सवय लागली आणि जमाबंदीच्या दिवसांत, दप्तरातील फेरफार ताडून पाहताना, ती दृढ झाली. विडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, हा समज आमच्या कचेरीत शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सर्वांचा होता. वस्तुतः पान लवकर विझते म्हणून विडी वरचेवर आणि जोराने ओढावी लागते, आणि त्यामुळे डांबर, निकोटिन व कार्बन मोनॉक्साइड ही तिन्ही विषे छातीत अधिकच उतरतात.

निवृत्तीनंतर दम लागू लागला, तेव्हा माझ्या वयाचे स्नेही एकच वाक्य ऐकवीत: अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या, आता सोडून काय मिळवायचे? या वाक्याइतके घातक वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. ते खोटे आहे याचा पुरावा आमच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे ठेवला. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची नोंद सुरू केली. पन्नास वर्षांचा तो ताळेबंद 2004 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले की तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याचे सरासरीने दहा वर्षांचे आयुष्य वाचते, चाळिशीत सोडणाऱ्याचे नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्याचेही तीन. ज्याचा जन्म आकडे तपासण्यात गेला, त्याला ती तीन वर्षे खर्ची टाकणे शक्य नव्हते.

पहिले तीन-चार दिवस फार कठीण गेले. झोप उडाली, क्षुल्लक कारणाने घरच्यांवर राग निघे, चहाचा कप खाली ठेवताच हात सदऱ्याच्या खिशाकडे जाई. पण हुक्की येते ती काही मिनिटांनी ओसरतेच, हे ध्यानात आल्यावर तेवढा वेळ अंगणात फेऱ्या घालणे किंवा तोंडात बडीशेप टाकणे पुरेसे होऊ लागले. खरी धास्ती पुढे वाटली, कारण विडी सुटल्यावर सकाळचा खोकला कमी होण्याऐवजी वाढला. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस सूक्ष्म केसांचे अस्तर असते. धुराने त्यांची हालचाल मंदावते, आणि धूर थांबताच ते पुन्हा सजीव होऊन साचलेला कफ वर लोटू लागतात, असे डॉक्टरांनी समजावले, तेव्हा त्या खोकल्याचाच मला धीर वाटू लागला. काही महिन्यांत तो गेला.

रक्तातील कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच ओसरतो आणि प्राणवायूला आपली जागा परत मिळते. हृदयविकाराचा वाढलेला धोका वर्षभरात निम्म्यावर येतो; फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका तितका उतरायला मात्र दहा वर्षे लागतात. फुप्फुसांचा जो भाग कायमचा निकामी झाला, तो परत मिळत नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पण ऱ्हासाचा वेग मंदावतो. वणीच्या गडाच्या पायऱ्या मी आजही थांबत थांबतच चढतो, पण चढतो. मेथी निवडताना तिचा वास स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत येतो, हे मला इतक्या वर्षांनी नव्याने कळले.

आता कचेरीतले जुने सहकारी चौकशीला येतात, तेव्हा एकट्याने झुंजू नका, असे मी त्यांना आवर्जून सांगतो. निकोटिनची चघळायची गोळी मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि सरकारचा 1800-11-2356 हा विनामूल्य दूरध्वनी केवळ याच कामासाठी आहे, तो लावण्यात संकोच बाळगू नये.