बिबवेवाडीची वाट व पाठीवरचें ओझें

स्वारगेटाहून सातारा रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे डाव्या हातास बिबवेवाडी लागते. एके काळची ही लहानशी वाडी आतां पुणें शहराच्या पोटांत गेली आहे. उत्तरेस गुलटेकडीचा मार्केट यार्ड, वाडींतच कामगार विम्याचें रुग्णालय, आणि चढावर अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती. प्रवाशानें मुद्दाम पाहावें असें येथें फारसें कांहीं नाहीं. तथापि भौतिकोपचार, म्हणजे ज्यास सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात, ती विद्या शिकणाऱ्या मुलामुलींनीं ही वाट एकदां पायीं चालावी, असें आम्हांस वाटतें.

या विद्येचा आपल्या देशांतील आरंभच सामाजिक निकडींतून झाला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें देशांतील पहिली भौतिकोपचार-शाळा निघाली, ती पोलिओनें अधू झालेलीं मुलें डोळ्यांपुढें ठेवूनच.

मार्केट यार्डांतील हमालाचेंच उदाहरण घेऊं. त्याची कंबर धरली तर विद्यार्थी शेक देईल, व्यायाम शिकवील आणि 'जड उचलूं नका' म्हणून बजावील. परंतु जड उचललें नाहीं तर त्याची चूल पेटावी कशी? पूर्वीं धान्याचें पोतें शंभर किलोंचें असे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें १९६७ सालीं ओझ्याच्या कमाल वजनाविषयीं करार केला व प्रौढ पुरुषासाठीं ५५ किलोंची मर्यादा सुचविली. भारतानें त्या करारास मान्यता दिली ती २०१० सालीं. पुण्यांत डॉ. बाबा आढाव यांनीं हमाल पंचायत उभारली, १९६९ सालीं महाराष्ट्रांत माथाडी-हमालांसाठीं स्वतंत्र कायदा झाला, आणि पोतें पन्नास किलोंचें व्हावें म्हणून हमाल झगडले. हजार पाठींना शेक देऊन जें साधत नाहीं, तें पोत्याचें वजन निम्में केल्यानें साधतें, हें विद्यार्थ्यास कळलें पाहिजे.

चढावरच्या वस्तींत दुसरा धडा मिळतो. पक्षाघाताच्या रोग्यास 'रोज अर्धा तास मोकळ्या जागेंत चाला' हें सांगणें सोपें. पण गल्ली अरुंद, पायऱ्या उंच, आणि हात धरणारा मुलगा रोजंदारीवर गेलेला! म्हणून उंबरा किती उंच, नळ किती दूर, दिवसा घरीं कोण असतें, हें आधीं विचारावें. गुरुजनांनीं विद्यार्थ्यास त्याच घरीं महिन्यानें पुन्हा पाठवावें. आणि 'रोगी ऐकत नाहीं' हें उत्तर न स्वीकारतां, तो कां ऐकूं शकत नाहीं, हें शोधावयास लावावें.

कामगार विम्याचा मूळ कायदा १९४८ चा. त्या विम्याचें छत्र कारखान्यांतील कामगारावर आहे. आपल्या घरीं धुणीं-भांडीं करणाऱ्या बाईवर बहुधा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या मुली-सुना आज ही विद्या शिकत आहेत. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, आपल्या मोलकरणीचा गुडघा दुखतो काय, हें आजच विचारावें. आणि घरांतील वडील मंडळींनीं तिच्या हातीं लांब दांड्याचा पोछा द्यावा व दुखण्याच्या दिवशीं तिची मजुरी कापूं नये.